संशोधनपर व्याख्यान आणि मागचा बाक

विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातील सूचनाफलकावर अधूनमधून एक कागद लागतो : अमुक विषयावर संशोधनपर व्याख्यान, सर्वांनी उपस्थित राहावे. आपली पुष्कळ मुलेमुली आता एम. ए. पर्यंत पोहोचली आहेत. परंतु त्यांच्याशी बोलताना आम्हांस असे आढळले की, हे 'सर्वांनी' आपल्याला लागू नाही, अशीच त्यांची समजूत असते. जे जातात ते मागच्या बाकावर बसतात आणि प्रश्नोत्तरे सुरू होताच उठून येतात. म्हणून हा प्रकार काय असतो, ते येथे सांगावेसे वाटते.

हे जयंतीच्या भाषणासारखे नसते. वक्ता आपले काम, पुष्कळदा अपुरे असलेले, पाऊण-एक तासात मांडतो : प्रश्न काय होता, किती माणसे घेतली, त्यांना काय सांगितले, काय मोजले. त्यानंतर श्रोते ते तपासतात. खरे व्याख्यान तेथूनच सुरू होते, असे आमचे मत आहे.

एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतील क्लॉड स्टील व जोशुआ ॲरन्सन यांनी १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील गोऱ्या व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एक अवघड चाचणी दिली. काहींना सांगितले की, यातून तुमची बुद्धी मोजली जाणार आहे. काहींना सांगितले की, प्रश्न कसे सोडवले जातात एवढेच पाहायचे आहे. बुद्धी मोजली जाणार म्हटल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडले, एरवी जवळजवळ बरोबरीत राहिले. आपल्या लोकांविषयीचा वाईट समज आपल्याच हातून खरा ठरेल की काय, ही धास्ती आड येते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आपल्याकडेही कार्ला हॉफ व प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञ संशोधकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत ३२१ उच्चजातीय व ३२१ दलित मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात उच्चारली नाही तेव्हा दोघांत फरक नव्हता. सर्वांसमक्ष नाव, गाव, जात पुकारली तेव्हा मोठी तफावत पडली. वर्गात हजेरीच्या वेळी आडनाव पुकारले जाताना मान खाली घातलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि म्हणूनच येथे जपायला हवे. निष्कर्ष आपल्या बाजूचा आहे, एवढ्यावरून तो तपासायचा नाही, हे आम्हांस मान्य नाही. स्टॅनफर्डच्या प्रयोगातील 'बरोबरी' ही पूर्वीच्या प्रवेशपरीक्षेतील गुणांचा फरक गणिताने बाजूला काढल्यानंतरची होती. म्हणजे धास्ती गेली की सारी तफावत मिटते, असे त्यातून सिद्ध होत नाही. पाठ्यपुस्तकांतही ही गफलत झाल्याचे २००४ साली संशोधकांनी दाखवून दिले. पुढे २०१८ साली नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून अधिक शालेय मुलामुलींवर, मुली आणि गणित या संदर्भात, अशीच चाचणी घेतली. तेथे असा परिणाम आढळला नाही. उत्तर प्रदेशातील प्रयोगात केवळ मुलगे होते. मुलींचे काय? हा प्रश्न विचारायला मोठी विद्वत्ता लागत नाही. मागच्या बाकावरूनही तो विचारता येतो.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात २५ वर्षांच्या बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला, हे आपणांस ठाऊकच आहे. त्याच्या अखेरीस, आपला सिद्धान्त टिकत नाही असे कोणी दाखवून दिल्यास तो सोडण्याची तयारी त्यांनी बोलून दाखवली होती, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

आमच्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे की, व्याख्यानाला जाताना वही न्यावी, प्रश्न आधी मराठीत लिहावा, मग हात वर करावा. एकट्याने जाण्याचा संकोच वाटत असेल, तर अभ्यासिकेत नाव नोंदवावे. आमच्यापैकी कोणीतरी सोबत येईल.