रस्ता किती उरला?

मुलांनो, तुमच्या घरासमोरची गल्ली किती रुंद आहे? तुम्ही म्हणाल, गल्ली ती गल्ली, तिची रुंदी कोण मोजतो? पण एकदा मोजून पाहाच. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या, रहदारी नसेल अशी वेळ निवडा आणि त्यांना या कडेपासून त्या कडेपर्यंत चालायला सांगा. मोठ्या माणसाचे लांब पाऊल साधारण पाऊण मीटरचे असते. सहा-सात पावलांत ते पलीकडे पोचले, तर तुमची गल्ली सुमारे 5 मीटर रुंद आहे असे समजा.

आपल्या मॉरिशसमधल्या पुष्कळ वस्त्यांत गल्ल्या अशाच अरुंद असतात. जुन्या गावांतल्या काही वाटा तर बैलगाडीच्या काळातल्या आहेत. उसाचे शेत मोडून जी नवी वस्ती वसते, जिला आपण मोर्सेलमाँ म्हणतो, तिच्यातले रस्ते जरा सरळ असतात, एवढेच. रस्ता संपला की गटार आणि गटारापलीकडे लगेच कुंपणाची भिंत.

आजोबांना विचारा. त्यांच्या लहानपणी अख्ख्या गल्लीत एखादीच मोटार असायची. आज आपल्या देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे आणि नोंदलेली वाहने, मोटारसायकली धरून, 6 लाखांहून अधिक आहेत. म्हणजे जवळजवळ दर दोन माणसांमागे एक वाहन! ही सगळी वाहने रात्री कुठेतरी मुक्काम करणारच. घराच्या आवारात जागा असली तर ठीक. पण दादा मोठा होतो, नोकरीला लागतो, तोही गाडी घेतो. घरात माणसे वाढतात, म्हणून मोटारीच्या जागेवर एक खोली बांधली जाते. मग मोटार बाहेर येते आणि गल्लीत उभी राहते.

आता थोडे गणित करू.

एका साध्या मोटारीची रुंदी सुमारे 1.8 मीटर असते. 5 मीटरच्या गल्लीत एका कडेला एक मोटार उभी राहिली, तर किती रस्ता उरला? 3.2 मीटर. दुसरी मोटार तेथून आरामात जाईल. आता पहिल्या मोटारीच्या बरोबर समोर, दुसऱ्या कडेला, आणखी एक मोटार उभी राहिली. उरला किती? 1.4 मीटर. तेथून सायकल जाईल, मोटारसायकल जाईल. मोटार मात्र जाणार नाही. आणि आगीचा बंब? त्याची रुंदी सुमारे 2.5 मीटर असते. तो गल्लीच्या तोंडाशीच थांबेल.

यात एक गंमत आहे. पहिल्या माणसाला वाटते, "मी तर एका कडेला गाडी लावली. बाजूने रस्ता मोकळा आहे." दुसऱ्याला वाटते, "शेजाऱ्याने लावली, मग मी लावली तर काय बिघडले?" दोघेही आपापल्या घरात जाऊन चहा पितात. रस्ता मात्र बंद झालेला असतो, आणि तो आपण बंद केला असे दोघांपैकी एकालाही वाटत नाही.

रोजच्या दिवशी याचा त्रास लहान वाटतो. कचऱ्याची गाडी आत येत नाही आणि कचरा तसाच पडून राहतो. कोणाला कामावर जायला उशीर होतो. भोंगे वाजतात, भांडणे होतात. पण समजा, एका रात्री गल्लीच्या टोकाच्या घरातल्या आजींच्या छातीत दुखू लागले. घरच्यांनी 114 हा क्रमांक फिरवला. सामूची रुग्णवाहिका भराभर निघाली, मोठ्या रस्त्याने वेगाने आली आणि गल्लीच्या तोंडाशी अडकली. आता उपकरणांच्या पेट्या हातात घेऊन धावत जायचे, आजींना उचलून तेवढेच अंतर परत यायचे. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे असते. आग लागली तर आणखी कठीण. जवान लांब नळी ओढत नेऊ शकतात, पण पाणी, शिडी आणि बाकीची अवजारे बंबावरच असतात. बंब जितका लांब थांबेल, तितका वेळ आगीला जास्त मिळतो.

गल्लीचा कोपरा तर फारच महत्त्वाचा. लांब वाहन वळताना तुम्ही नीट पाहिले आहे का? त्याची पुढची चाके एका मार्गाने जातात आणि मागची चाके कोपऱ्याच्या अधिक जवळून सरकतात. त्यामुळे वळताना त्याला आपल्या रुंदीपेक्षा बरीच जास्त जागा लागते. सरळ रस्त्यावर चालून जाणारी एक उभी मोटार कोपऱ्यावर मात्र सगळी वाट अडवते.

कोपऱ्यावरची आणि शाळेजवळची उभी गाडी आणखी एक गोष्ट करते. ती तुम्हांला लपवते. सात-आठ वर्षांच्या मुलाची उंची सुमारे सव्वा मीटर असते. मोटार सुमारे दीड मीटर उंच असते. म्हणजे तुम्ही मोटारीच्या मागून रस्ता ओलांडायला निघालात, तर येणाऱ्या चालकाला तुमचे डोकेसुद्धा दिसत नाही, आणि तुम्हांलाही त्याची गाडी दिसत नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 14 मीटर पुढे जाते. एकीपुढे एक अशा तीन मोटारी उभ्या केल्या तर जेवढी लांबी होते, तेवढी! चालकाने तुम्हांला पाहिले, त्याचा पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच ते अंतर संपते. म्हणून दोन उभ्या गाड्यांच्या मधून कधीही धावत बाहेर येऊ नका. तेथून जाण्यावाचून इलाज नसेल, तर गाडीच्या बाहेरच्या कडेपाशी थांबा, डोके किंचित पुढे काढून दोन्हीकडे पाहा, मगच पाऊल टाका.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी झाकलेल्या गटारावरूनच माणसे चालतात. तोच आपला पदपथ. त्यावर कोणी मोटार चढवली की चालणाऱ्याला रस्त्यात उतरावे लागते. तुम्ही उडी मारून उतराल. पण बाळगाडी ढकलणारी आई काय करील? काठी टेकत जाणारे आजोबा काय करतील? बसथांब्याचेही तसेच. 2005 सालापासून आपल्या देशात वृद्धांना आणि विद्यार्थ्यांना बसचे भाडे द्यावे लागत नाही. पण थांब्याच्या जागेवर कोणाची मोटार उभी असेल, तर बस कडेला येऊ शकत नाही. ती रस्त्याच्या मध्येच थांबते, आणि आजींना रस्त्यात उतरून उंच पायरी चढावी लागते.

गाडी कोठे उभी करायची नाही, हे रस्ताच आपल्याला सांगतो. कडेला दोन पिवळ्या रेघा असतील, तर तेथे गाडी लावून जायचे नाही. एकच पिवळी रेघ असेल, तर जवळच्या फलकावर कोणत्या वेळी मनाई आहे ते वाचायचे. गोल निळा फलक, त्याला लाल किनार आणि मधून एक तिरपी लाल रेघ, म्हणजे "येथे गाडी उभी करू नका". दोन लाल रेघांची फुली असेल, तर "येथे थांबूही नका". थांबणे आणि उभी करणे यांत फरक आहे. आजींना उतरवण्यापुरते थांबलो, ते थांबणे. गाडीला कुलूप लावून दुकानात गेलो, ते उभी करणे.

पण रेघ नाही म्हणजे मोकळे रान मिळाले, असे नव्हे. लहान गल्लीत रेघाही नसतात आणि फलकही नसतो. तरी दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावणे किंवा रहदारीची वाट अडवणे हा गुन्हाच आहे. पोलिस त्याबद्दल दंड करू शकतात.

अनेक देशांत दंडाबरोबर आणखी एक उपाय करतात. गाडीच्या चाकाला लोखंडी खोडा घालतात, म्हणजे दंड भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही. हा खोडा अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या फ्रँक मारुग यांनी तयार केला, आणि तेथल्या पोलिसांनी तो 1955 साली प्रथम वापरला. हे मारुग कोण होते ठाऊक आहे? ते वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत! फ्रेंच भाषेत या खोड्याला "साबो" म्हणतात. साबो म्हणजे लाकडी जोडा. पण विचार करा, अरुंद गल्लीत हा उपाय किती उपयोगी? वाट अडवणारी गाडी तेथेच जखडून ठेवली, तर वाट आणखीच अडेल. तेथे गाडी हलवणे हेच खरे काम.

जपानमध्ये तर गाडी घेण्याआधीच प्रश्न विचारतात. तेथे 1962 साली यासाठी कायदा झाला. गाडी घेणाऱ्याने आपल्याजवळ ती ठेवायला जागा आहे हे पोलिसांना दाखवावे लागते. ही जागा घरापासून 2 किलोमीटरच्या आत असावी लागते. आपल्या बेटावर जपानमधून वापरलेल्या मोटारी पुष्कळ येतात. तुमच्या गल्लीतही अशी एखादी असेल. तिच्या पहिल्या मालकाला बहुधा असा दाखला आणावा लागला असेल. आपल्याकडे मात्र ती थेट गटाराच्या कडेला येऊन राहिली!

आता गल्लीत वाट अडली तर काय करावे?

पहिली गोष्ट, रागाच्या भरात काही करू नका. गाडीला ओरखडा काढणे, चाकातली हवा सोडणे, काचेवर चिखल फेकणे, यांनी गाडी हलत तर नाहीच; उलट हवा सोडली तर ती हलूच शकत नाही. काही लोक आपल्या घरासमोरची जागा राखून ठेवण्यासाठी रस्त्यात दगड, कुंडी किंवा मोडकी खुर्ची ठेवतात. तेही योग्य नाही. फाटकाच्या आतली जागा आपली; फाटकाबाहेरचा रस्ता सगळ्यांचा. आपल्या फाटकातून येण्याजाण्याची वाट कोणी अडवू नये, एवढा हक्क आपल्याला आहे. पण फाटकासमोरचा रस्ता आपल्या मालकीचा होत नाही. अंधारात त्या दगडावर एखादा मोटारसायकलस्वार आपटला तर?

गाडी कोणाची आहे हे गल्लीत बहुधा सर्वांना माहीत असते. म्हणून आधी घरातल्या मोठ्या माणसाने जाऊन शांतपणे बोलावे. हे काम मुलांचे नाही. "काका, तुमची गाडी जरा पुढे घेता का? रुग्णवाहिका आली तर आत येणार नाही," एवढे म्हटले तरी बरेच लोक गाडी हलवतात. अनेकांच्या ते ध्यानातच आलेले नसते. पुष्कळदा सगळी गल्ली एकत्र बसून ठरवते, की गाड्या एकाच कडेला लावायच्या आणि कोपरा मोकळा ठेवायचा. मघाचे गणित आठवा. एकाच कडेला गाड्या असल्या, तर बंबाला वाट मिळते.

गाडी अनोळखी असेल, किंवा सांगूनही कोणी ऐकत नसेल, तर जवळच्या पोलिस ठाण्याला कळवावे. त्यांना गाडीचा क्रमांक, रंग, गल्लीचे नाव आणि जवळची एखादी खूण सांगावी. 999 हा पोलिसांचा क्रमांक आणि 115 हा अग्निशमन दलाचा क्रमांक संकटाच्या वेळेसाठी आहे. रोजच्या तक्रारीसाठी तो फिरवू नये. रोज त्याच जागी अडचण होत असेल, तर पिवळ्या रेघेची मागणी करता येते. शहरात राहणाऱ्यांनी नगरपालिकेकडे जावे. पोर्ट लुई, बो बासँ-रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा-फिनिक्स आणि क्युरपीप अशा आपल्या पाच नगरपालिका आहेत. गावात राहणाऱ्यांनी ग्रामपरिषदेला किंवा जिल्हा परिषदेला अर्ज लिहावा. अर्जावर एकाच घराची सही असण्यापेक्षा सगळ्या गल्लीच्या सह्या असल्या, तर त्याला वजन येते.

एक दिवस असा असतो, की वाट अडवणारे आपणच असतो. गणेश चतुर्थी! त्या दिवशी देशात सुट्टी असते. मावशी, आत्या, काका, मामा सगळे दर्शनाला येतात. घरात मोदकांचा वास आणि गल्लीत मोटारींची रांग! शेजारी भला असतो, म्हणून काही बोलत नाही. पण त्याच्याही घरी कोणी आजारी पडू शकते. म्हणून आदल्या दिवशीच शेजाऱ्यांना सांगून ठेवावे. पाहुण्यांना गाड्या मैदानाजवळ किंवा मोठ्या आवारात, परवानगी घेऊन, लावायला सांगावे आणि थोडे चालत यायला सांगावे. चालता न येणाऱ्या आजी-आजोबांना दारात उतरवून गाडी परत न्यावी.

येथे मात्र मुलांना काम आहे. दाराजवळ एक ताट ठेवा. ज्यांची गाडी गल्लीत आहे, त्यांनी आत येताना आपली किल्ली त्या ताटात ठेवावी. किल्लीला चिठ्ठी बांधून तिच्यावर गाडीचा क्रमांक लिहा. आरती चालू असताना बाहेर भोंगा वाजला, तर घरभर "ही गाडी कोणाची?" असे ओरडत फिरावे लागणार नाही. चिठ्ठी वाचायची, किल्ली उचलायची आणि गाडी हलवायला मामांच्या हातात द्यायची.