विदर्भाचा कबड्डी संघ : उभा राहील, पण टिकेल कशावर?

प्रो कबड्डीच्या बारा संघांत विदर्भ नाही. संघाची मागणी करण्याआधी नवे क्लब का तगतात आणि का बुडतात, हे समजून घेतले पाहिजे. रग्बी लीगचा सव्वाशे वर्षांचा अनुभव त्यासाठी उपयोगी पडतो.

धानाची कापणी आटोपली, दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस येतात. पवनी-लाखांदूरपासून तुमसर-मोहाडीपर्यंत गावोगाव दंडार आणि नाटके होतात, थंडीभर कबड्डीचे सामने रंगतात. याच खेळाची व्यावसायिक लीग २०१४ साली ८ संघांनिशी सुरू झाली आणि २०१७ मध्ये १२ संघांची झाली. महाराष्ट्राकडे यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे दोन संघ पहिल्या मोसमापासून आहेत. विदर्भाकडे एकही नाही. ‘आमचा संघ कधी?’ हा प्रश्न रास्तच आहे. पण आलेला संघ दहा वर्षांनी कशाच्या बळावर उभा असेल, हे त्याआधी विचारायला हवे.

खाड्यातून जन्मलेला खेळ

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधले रग्बी क्लब मूळ संघटनेपासून फुटले. त्यांचे बरेच खेळाडू कोळशाच्या खाणींत आणि कापड गिरण्यांत राबणारे होते. सामन्यासाठी कामावर खाडा केला की त्यांची रोजी बुडे. ती भरून देण्याची परवानगी क्लबांनी मागितली होती. संघटनेने ती नाकारली. या फुटीतूनच पुढे १३ खेळाडूंची रग्बी लीग घडली.

तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मँगनीज खाणींच्या परिसरात हा इतिहास परका वाटू नये. रोवणीच्या हंगामात मजुरी सोडून सरावाला जायचे की नाही, हा प्रश्न आपल्याकडच्या अठरा वर्षांच्या चढाईपटूपुढेही असतोच. त्याचा खाडा कोण भरून देणार, याचे उत्तर ज्यांच्याकडे असते, त्यांचाच खेळ वाढतो.

तीन शहरे, तीन धडे

रग्बी लीगने जुन्या मुलखाबाहेर पाऊल टाकले तेव्हा काय झाले? कॅनडात टोरंटो वुल्फपॅक हा संघ २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीतून खेळू लागला आणि २०२० मध्ये सुपर लीग या सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. डोलारा मात्र मुख्यतः एका मालकाच्या पैशावर उभा होता. करोनाचा तडाखा बसताच पगार थकले आणि त्याच वर्षी जुलैत संघाने माघार घेतली.

फ्रान्समधल्या पर्पिन्याँ शहराच्या कॅटलन्स ड्रॅगन्सची गोष्ट वेगळी. त्या भागात हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला होता. २००६ मध्ये सुपर लीगमध्ये घेताना पहिली तीन वर्षे त्यांना पदावनतीपासून संरक्षण दिले गेले. २०१८ मध्ये त्यांनी चॅलेंज चषक जिंकला. इंग्लंडबाहेरच्या संघाने तो जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

मेलबर्न हे दुसऱ्याच फुटबॉलचे वेड असलेले शहर. तिथे मेलबर्न स्टॉर्म १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमध्ये उतरला आणि पुढच्याच वर्षी विजेता ठरला. २०१० मध्ये वेतनमर्यादा मोडल्याबद्दल त्याची २००७ आणि २००९ ची विजेतेपदे काढून घेण्यात आली. इतकी नामुष्की सोसूनही तो २०१२ मध्ये पुन्हा विजेता झाला. क्रेग बेलामी हे प्रशिक्षक २००३ पासून दोन दशकांहून अधिक काळ तिथे राहिले, हे त्यामागचे मोठे कारण. मालकाचा पैसा संघ मैदानात आणतो. त्याला तिथे ठेवते ती मुळाशी असलेली माती आणि वर्षानुवर्षे तीच जबाबदारी वाहणारा माणूस.

कबड्डीचा अनुभवही हाच

२०१७ च्या विस्तारात आलेल्या तमिळ थलायवाजच्या मालकांत सचिन तेंडुलकरही होते, तरी पहिली काही वर्षे संघ तळाशीच राहिला. २०२२ मध्ये त्यांनी पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले आणि पहिल्याच सामन्यात तो जायबंदी झाला. तरीही नरेंदरसारख्या तरुण चढाईपटूच्या जोरावर संघ त्याच मोसमात प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला.

त्याच विस्तारातल्या हरियाणा स्टीलर्सने मनप्रीत सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली २०२४ मध्ये विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी १ मार्चला पुणेरी पलटणने आधीच्या मोसमाचा अंतिम सामना हरियाणाविरुद्ध २८-२५ असा जिंकला होता. पलटणचा तेव्हाचा कर्णधार अस्लम इनामदार हा अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला, क्लबने नवखा म्हणून घेऊन घडवलेला खेळाडू.

एक उणीव मात्र ठळक आहे. २०२५ चा मोसम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली इथे झाला; महाराष्ट्रात एकही सामना नाही. घरचे मैदान नसेल तर संघ प्रेक्षकांसाठी टीव्हीपुरताच उरतो. महिलांचे नुकसान तर याहून मोठे. २०१६ मध्ये तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज झाली आणि तिथेच थांबली.

भंडाऱ्याचे काम

टिकाऊ रचना कशी असते, हे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीला बाहेरून शिकायला नको. वडसाच्या नाटक कंपन्या दरवर्षी गावोगाव प्रयोग करतात. गावातले मंडळ प्रयोग ठरवते, तिकिटे विकते, जमाखर्चाची जबाबदारी घेते. रसिक तिकीट काढून येतात, म्हणून ही रंगभूमी तगून आहे. कबड्डीलाही याच पायावर उभे करता येईल.

जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत एकेक कायमची मॅट हवी. मातीवर वाढलेला खेळाडू मॅटवर पहिल्यांदा निवड चाचणीतच उतरला, तर त्याचे पाय मॅटशी जुळेपर्यंत निवड संपलेली असते. प्रत्येक मॅटवर पगारी प्रशिक्षक हवा आणि त्याला किमान पाच वर्षांची मुदत हवी. स्पर्धांच्या बक्षिसांतला काही वाटा खेळाडूंचे खाडे भरून देण्यासाठी बाजूला काढावा. मुलींचा संघ नसलेल्या मंडळाला तालुका लीगमध्ये प्रवेश देऊ नये. हिशेब दरवर्षी गावासमोर वाचला जावा.

हे झाले तर लीगच्या पुढच्या विस्ताराच्या वेळी विदर्भ हात जोडून उभा राहणार नाही. खेळाडू, प्रशिक्षक आणि तिकीट काढणारा प्रेक्षक आमच्याकडे तयार आहे, असे तो हक्काने सांगू शकेल. लीगने संघ दिला नाही, तरी सात तालुक्यांतली पोरे-पोरी चांगल्या मॅटवर, चांगल्या गुरूच्या हाताखाली, रोजी न बुडवता खेळत राहतील. एवढ्यासाठीही हे काम याच हंगामात सुरू व्हायला हवे.