सुकाणू यंत्रणेतील घट्ट बसलेले भाग सोडविणे

मोटारगाडीच्या सुकाणू यंत्रणेतील, परस्परांत घट्ट बसलेले भाग त्यांना इजा न होऊ देता वेगळे करण्याची क्रिया. जुन्या क्रीडा मोटारगाड्यांच्या दुरुस्तीत ती वारंवार करावी लागते. या भागांची घट्ट बैठक हीच चालकाच्या सुरक्षिततेची हमी असते. सोडविताना पडलेली बारीक चीर किंवा आलेला बाक भाग पुन्हा जोडल्यावर दिसत नाही आणि धावत्या गाडीत घातक ठरतो. म्हणून भाग सुटणे एवढेच पुरेसे नसून तो कसा सुटला यालाही महत्त्व असते.

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२–८० या काळात तयार झालेली एमजीबी ही गाडी या दृष्टीने नमुनेदार आहे. हिची सुकाणू यंत्रणा दंतपट्टी व दंतचक्र या प्रकारची आहे. सुकाणू चक्र दंडाच्या खाचदार टोकावर बसविलेले असते. दंडाचे खालचे टोक युनिव्हर्सल जॉइंटने दंतचक्राला जोडलेले असते. दंतपट्टीच्या दोन्ही टोकांना जोडदांड्या असून त्यांच्या बाहेरील टोकांस गोलक सांधे (बॉल जॉइंट) असतात. सांध्याची निमुळती खीळ चाकाकडील सुकाणू भुजेच्या तशाच निमुळत्या छिद्रात नटाने ओढून बसविलेली असते.

घट्ट बसण्याची कारणे : गोलक सांध्याच्या खिळीचा निमुळतेपणा सर्वसाधारणपणे १:८ च्या आसपास असतो, म्हणजे तिची बाजू अक्षाशी सु. ३·५° कोन करते. पोलादावर पोलाद असताना घर्षण कोन सु. ८° भरतो. बाजूचा कोन घर्षण कोनापेक्षा लहान असल्याने नट काढल्यावरही खीळ आपोआप निसटत नाही [→ घर्षण]. कालांतराने फटीत पाणी शिरते. थंड प्रदेशांत हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठामुळे गंज अधिक वेगाने चढतो. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने तो पाचरीसारखा दाब निर्माण करतो.

पूर्वतयारी : गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम आधारांवर ठेवतात. आटे तारेच्या ब्रशने साफ करून पातळ भेदक तेल लावतात व ते केशाकर्षणाने आत शिरण्यासाठी काही तास, शक्य तर रात्रभर, थांबतात. जोडदांडीवरील लॉकनटची जागा खुणेने व मोजून नोंदवितात. कारण तिच्यावर पुढील चाकांचा परस्परांशी असलेला कल अवलंबून असतो.

गोलक सांधा : नट पूर्ण न काढता काही आट्यांवर ठेवतात. त्यामुळे सांधा एकदम सुटला तरी उडत नाही. खिळीच्या टोकावर हातोडा मारल्यास आटे चेपतात आणि नट निघणे किंवा पुन्हा बसणे अशक्य होते. भुजेच्या छिद्राभोवतीच्या भागाला एका बाजूने जड हातोड्याचा आधार देऊन विरुद्ध बाजूने दुसऱ्या हातोड्याने नेमका ठोका देतात. त्याने छिद्र क्षणभर किंचित लांबट होते व बैठक सुटते. स्क्रूचा दाब देणारे पुलर याहून चांगले. त्याने दाब देऊन ठेवून भुजेवर ठोका दिल्यास दोन्ही क्रियांचा लाभ मिळतो. दुपाखी पाचरीने रबरी आवरण फाटते, म्हणून सांधा टाकून द्यायचा असेल तरच ती वापरतात. नटाबरोबर खीळही फिरू लागल्यास सांधा तरफेने छिद्रात दाबून धरतात.

उष्णतेचा उपयोग : २० मिमी. व्यासाच्या छिद्राभोवतीचे पोलाद १५०° से.ने तापविल्यास व्यास सु. ०·०३६ मिमी. वाढतो. खीळ थंड असेपर्यंत ही वाढ उपयोगी पडते. तथापि घडीव भुजेवर निळा रंग चढेल इतकी (सु. ३००° से.) उष्णता दिल्यास तिच्या उष्णता-संस्करणाने आलेल्या बळकटीला बाध येऊ शकतो. भेदक तेल ज्वालाग्राही असल्याने ते पुसून घेतात आणि क्लोरीनयुक्त विद्रावकाने धुतलेल्या भागाजवळ ज्योत नेत नाहीत. कारण त्यापासून विषारी फॉस्जीन वायू तयार होतो.

सुकाणू चक्र व दंड : चक्र व दंड यांवर जुळती खूण करून नट सैल करतात, पण टोकावर राहू देतात, अन्यथा ओढणाऱ्याच्या तोंडावर चक्र आदळते. दंडाच्या टोकावर हातोडा मारणे टाळतात. अमेरिकेतील १९६८ पासूनच्या सुरक्षा नियमांनुसार आघात शोषून आखडणारे दंड वापरात आले. अशा दंडाच्या आतील, आघाताने तुटावेत म्हणूनच योजलेले जोड ठोक्याने तुटू शकतात. त्यामुळे पुलरच वापरतात. युनिव्हर्सल जॉइंटचा आवळ बोल्ट दंडावरील खाचेतून जात असल्याने तो केवळ सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो.

पुनर्जोडणी : निमुळत्या बैठकी स्वच्छ व कोरड्या ठेवतात, वंगण लावत नाहीत. स्वयंरोधक नट व विभक्त पिना नव्या वापरतात. ठोके बसलेल्या किंवा तापविलेल्या भुजेत चीर नाही याची रंगभेदी द्रवाने किंवा चुंबकीय कसोटीने तपासणी करतात आणि शंका असल्यास भूजच बदलतात. शेवटी पुढील चाकांचा कल मोजून गाडी प्रथम मंद वेगाने चालवून पाहतात.