कुर्ल्यांची बिळं आणि हृदयाचं दुखणं

कालावल किंवा कर्ली खाडीच्या काठाला ज्यांची खारजमीन आहे, ते उधाणाला भितात ते चार दिवस. वर्षभराची डोकेदुखी कुर्ल्यांची. कुर्ली बांधात बीळ करते, भरतीचं पाणी त्यातून झिरपतं आणि वरून शाबूत दिसणाऱ्या बांधाआडचं शेत हळूहळू खारवतं. एचआयव्हीसोबत वर्षानुवर्षं जगणाऱ्या माणसाच्या शरीरात जवळपास हेच होतं.

इथे बांध म्हणजे आतड्याची भिंत. रोगप्रतिकार करणाऱ्या सीडी-फोर पेशींची मोठी वस्ती या भिंतीत असते, आणि संसर्ग झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू ती उद्ध्वस्त करतो. पुढे विषाणूला रोखणाऱ्या, एआरटी म्हणतात त्या गोळ्या सुरू होतात, रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका घटतो, सीडी-फोरचा आकडा वाढतो. भिंत मात्र पूर्वीसारखी घट्ट होत नाही. पोटातल्या जिवाणूंचे बारीक तुकडे रक्तात झिरपत राहतात. शिवाय काही पेशींत विषाणू दडून बसलेला असतोच. शत्रू आत आहे अशा समजुतीने प्रतिकारशक्ती रात्रंदिवस जागी राहते.

या जागेपणाला वैद्यकात दाह म्हणतात. गळू झालं की दिसणारा लाल, ठणकणारा दाह हा नव्हे. यात ताप नाही, सूज नाही, दुखणंही नाही. रक्तवाहिनीच्या अस्तराला मात्र त्याची झळ बसते. चिडलेल्या अस्तरात रक्तातल्या राखणदार पेशी घुसतात, तिथलं कोलेस्टेरॉल गिळतात, फुगतात आणि तिथेच मरून पडतात. असे मेणचट थर साचत जातात. त्यातले मऊ थर जास्त घातक, कारण ते अचानक फुटतात. त्यात दाहामुळे रक्त गोठण्याकडे आधीच कललेलं असतं. गुठळी धरली की हृदयविकाराचा झटका. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2018 साली प्रसिद्ध झाला, त्यात एचआयव्हीबाधितांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट आढळला.

मग दोष गोळ्यांचा का? काही जुन्या औषधांनी चरबीचं गणित बिघडायचं, हे खरं. म्हणूनच ‘स्मार्ट’ नावाच्या मोठ्या चाचणीत 5,472 जणांपैकी निम्म्यांच्या गोळ्या सीडी-फोर चांगले असताना थांबवून पाहिल्या. शरीराला थोडी उसंत मिळेल, ही कल्पना. 2006 च्या जानेवारीत ती चाचणीच घाईने आवरावी लागली. गोळ्या थांबवलेल्यांत मृत्यू वाढले, हृदयविकारही वाढला. त्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा चढलेल्या होत्या. विषाणू मोकाट सोडणं हे गोळ्यांपेक्षा महाग पडतं, हे त्या दिवसापासून पक्कं झालं.

आपल्याकडे सरकारी मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 रोजी सुरू झाली. तेव्हा तिशी-पस्तिशीत गोळी सुरू केलेला माणूस आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. मुंबईहून आजारी होऊन गावी परतलेले चाकरमानी आपल्या वाड्यांनी पाहिले आहेत. जे गोळ्यांवर तगले, त्यांचं आता वय होतंय. हे एआरटीचं यशच. पण वयाबरोबर येणारी दुखणीही त्यांच्या वाट्याला आली, आणि तीही लवकर.

त्यावर उपाय शोधणारी ‘रिप्रीव्ह’ ही चाचणी 2023 साली प्रसिद्ध झाली. 12 देशांतले 7,769 जण त्यात होते, 40 ते 75 वयाचे, एआरटी घेणारे, रूढ मोजपट्टीने हृदयविकाराचा धोका कमी किंवा मध्यम असलेले. पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय हेही तिचं एक केंद्र होतं. अर्ध्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातल्या औषधाची 4 मिलिग्रॅमची गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना स्टॅटिनवाल्यांत 35 टक्क्यांनी कमी झाल्या आणि चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. एकट्या कोलेस्टेरॉलच्या घटीतून एवढा फायदा मिळेल असं वाटत नाही. दाह शमवण्याचा काही वाटा असावा, असा संशोधकांचा कयास आहे. पण 35 टक्के ऐकून हुरळू नये. पाच वर्षांत एकाची गंभीर घटना टाळायला साधारण 106 जणांनी गोळी घ्यावी लागते, आणि घेणाऱ्यांत मधुमेह थोडा अधिक दिसला: 4 टक्क्यांच्या जागी 5.3.

जाता जाता, स्टॅटिनचा मूळपुरुष भाताच्या घरातलाच. जपानच्या अकिरा एंडो यांनी 1973 मध्ये पहिलं स्टॅटिन शोधलं ते एका बुरशीत, आणि ती बुरशी सापडली होती क्योटोच्या एका धान्य दुकानातल्या तांदळावर.

‘गोळये येळार घेतंय, माका काय जावचा नाय,’ असा एक भरवसा असतो. त्यातला पहिला अर्धा भाग सोन्यासारखा आहे, तो सोडू नका. दुसऱ्यासाठी थोडे कष्ट हवेत. विडी आणि मशेरी सोडणं हे त्यातलं सर्वांत मोठं. सुक्या मासळीचं मीठ रक्तदाब वाढवतं, तेव्हा ती रोज ताटात नको. रक्तदाब आणि साखर तिशीनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात, आणि दंडाला पट्टा बांधून घ्यायला एचआयव्हीबद्दल कुणाला काही सांगावं लागत नाही. स्टॅटिनचं मात्र तसं नाही. एआरटीतल्या काही गोळ्यांशी सिम्वास्टॅटिनसारखी औषधं जुळत नाहीत, स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. म्हणून औषधाच्या दुकानातून मनाने काही घेऊ नका. चाळिशी उलटली असेल तर पुढच्या खेपेला एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांनाच विचारा: माझं कोलेस्टेरॉल कधी तपासलं होतं, आणि मला स्टॅटिन लागेल का?