काळ्या पाषाणाची धार

मुंबईतील माहुलच्या मागे तुर्भ्याच्या डोंगराचा जो काळा पाषाण दिसतो, तो अवघा दख्खनचा मुलूख घडविणाऱ्या लाव्ह्याचाच, 6 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी थिजलेला अंश आहे. अशा पाषाणाचीही आदिमानवाने हत्यारे केली; परंतु युरोपातील अश्मयुगाचे शास्त्र चकमकीच्या दगडावर उभे राहिले, आणि 1863 साली मद्रासजवळ पल्लावरम येथे रॉबर्ट ब्रूस फूट यांना सापडलेले अश्मायुध क्वार्टझाइटचे होते. साहजिकच या दोन्ही दगडांचा जेथे दुष्काळ, त्या दख्खनमध्ये आदिमानव वसलाच नसावा असा समज विद्वानांत दीर्घकाळ टिकला. मुंबई इलाख्यात मात्र आरमारी अधिकारी टॉड यांनी कांदिवलीच्या अश्मायुधांचे वृत्तान्त 1932 व 1939 साली प्रसिद्ध केले. पुढे डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी नाशिकजवळ गंगापूर येथे आणि प्रवराकाठी नेवाशाला पुरावा मिळविला, आणि गुड्रून कॉर्व्हिनस यांनी नेवाशाजवळच्याच चिरकीच्या उत्खननात बेसॉल्ट व डोलेराइटच्या हातकुऱ्हाडी उजेडात आणल्या.

परंतु या हत्यारांची खरी पारख, हातात हातोड्याचा गोटा घेऊन तसाच दगड फोडू पाहणाऱ्यालाच होते. प्रथम धोंड्यावर आघात करून नाद ऐकावा लागतो: खणखणीत वाजला तर तो एकजीव आहे, बद्द वाजला तर आत भेग किंवा पोकळी आहे. बारीक कणांचा बेसॉल्ट शिंपल्यासारख्या वक्र पृष्ठाने फुटतो, परंतु चकमकीपेक्षा चिवट असल्याने पुष्कळ अधिक बळ मागतो. म्हणून पुरातन कारागीर मोठ्या धोंड्यावरून आधी एक रुंद कपची काढी, आणि तिच्याच कडा झोडपून हातकुऱ्हाड करी. रुंद धारेच्या फरशी-कुऱ्हाडीची मुख्य धार तर तो मुळीच छेडत नसे. कपची निघतानाच दोन पृष्ठे जेथे भेटली, तेथे ती तयारच असे. नदीच्या वाळूने आणि हवामानाने बेसॉल्टच्या कडा झिजतात, आघातांचे व्रण बुजतात. चकमकीच्या मापाने त्या झिजलेल्या हत्याराला ओबडधोबड ठरवून घडविणाऱ्याच्या बुद्धीचा निवाडा करणे, हा मला सरळ अन्याय वाटतो.

दख्खनच्या याच लाव्ह्याच्या पोकळ्यांत साचलेल्या सिलिकेतून कॅल्सिडनी निर्माण झाली. तिचे गोटे लहान, म्हणून तिची पाती नाजूक: जोर्वे, नेवासे, इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन कारागिरांनी, पाती ज्यातून काढायची त्या गाभ्याच्या एका कडेवर आळीपाळीने दोन्ही बाजूंनी कपच्या काढून कंगोरा उभा केला, तो पहिल्या आघाताने उडविला, आणि त्यामागे उरलेल्या सरळ धारांच्या आधाराने समांतर पाती एकामागून एक काढली.