प्राध्यापकांचे प्रशिक्षण: प्रचलित समज आणि नियमांतील वास्तव

महाविद्यालयीन अध्यापकांच्या व्यावसायिक विकासाचा विषय निघाला की महाराष्ट्रातील बहुतेक स्टाफरूममध्ये बोलणे ‘कॅस’पाशी येऊन थांबते. ‘कॅस’ म्हणजे करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम. ठरावीक वर्षांची सेवा, ठरावीक प्रशिक्षणे आणि कामाचे समाधानकारक मूल्यमापन या अटी पूर्ण करणाऱ्या अध्यापकाला वरचे पद रिक्त होण्याची वाट न पाहता वरची वेतनश्रेणी देणारी ही योजना असून शासकीय कागदपत्रांत तिचा उल्लेख स्थाननिश्चिती असा येतो. ओरिएंटेशन (उद्बोधन वर्ग), रिफ्रेशर (उजळणी वर्ग), एफडीपी (अध्यापक विकास कार्यक्रम) हे शब्द या योजनेला इतके चिकटले आहेत की अभ्यासक्रम म्हणजे फाइलला लावायचा एक कागद, असाच अर्थ रूढ झाला आहे. त्यातून जे गैरसमज पसरले, त्यांचे नुकसान प्रत्यक्ष वर्गात दिसते, आणि म्हणूनच ते एकेक करून तपासणे आवश्यक ठरते.

हे अभ्यासक्रम पदोन्नतीसाठीच निघाले, हा त्यांतला सर्वांत पक्का समज आहे. शिक्षकांच्या प्रश्नांचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने 1983 मध्ये दोन राष्ट्रीय आयोग नेमले होते आणि त्यांतील उच्च शिक्षणाचा आयोग प्रा. रईस अहमद यांच्या अध्यक्षतेखाली काम करत होता. शाळेतील शिक्षकाला नोकरीआधी अध्यापनाचे प्रशिक्षण मिळते, महाविद्यालयातील अध्यापकाला मात्र काहीच मिळत नाही, ही उणीव त्या काळात ठळकपणे चर्चेत होती. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिची दखल घेतली आणि 1987 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अर्थसाहाय्याने विद्यापीठांत अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू झाली. पुणे, मुंबई, नागपूर, अमरावती, तेव्हाचे औरंगाबाद आणि गोवा येथील विद्यापीठांतही अशी केंद्रे उभी राहिली. पुढे 2015 मध्ये त्यांचे नामांतर मानव संसाधन विकास केंद्र असे झाले आणि 5 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमात देशभरातील 111 केंद्रांची रचना करण्यात आली. पाट्या बदलल्या, तरी मूळ हेतू शिकवणाऱ्याला शिकवण्याचे कसब देण्याचाच राहिला. पदोन्नतीशी त्याचा सांधा ऐंशीच्या दशकातील वेतनसुधारणेच्या सुमारास जोडला गेला आणि कालांतराने हा सांधाच मुख्य वाटू लागला.

नियम नेमके किती मागतो, हे पाहिले तर पदोन्नतीचा हा दबाव फुगवून सांगितला जातो, असे लक्षात येते. विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018 ची नियमावली महाराष्ट्र शासनाने 8 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने लागू केली. पीएच.डी. असलेला सहायक प्राध्यापक त्या नियमावलीनुसार पहिल्या टप्प्यासाठी 4 वर्षे, दुसऱ्यासाठी 5 आणि तिसऱ्यासाठी 3, अशी एकूण 12 वर्षे सेवा करून सहयोगी प्राध्यापक पदाच्या श्रेणीत पोहोचू शकतो. या प्रवासात त्याला पहिल्या टप्प्यावर 21 दिवसांचे ओरिएंटेशन आणि त्याबरोबर किमान 5 दिवसांचा एखादा अभ्यासक्रम, दुसऱ्या टप्प्यावर प्रत्येकी किमान 10 दिवसांचे दोन आणि तिसऱ्या टप्प्यावर तेवढ्याच मुदतीचा एक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. ही बेरीज 56 दिवसांची होते. बारा वर्षांत 56 दिवस म्हणजे वर्षाला सरासरी पाच दिवसही नव्हेत. शिवाय काही ठिकाणी ऑनलाइन अभ्यासक्रमाचा किंवा ई-साहित्यनिर्मितीचा पर्यायही नियमाने दिलेला आहे. त्याच्या पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. सहयोगी प्राध्यापकाला प्राध्यापक व्हायचे असेल तर पीएच.डी., किमान 10 शोधनिबंध आणि संशोधनाचे 110 गुण लागतात, पण एका दिवसाच्याही प्रशिक्षणाची अट नाही. ज्येष्ठांना प्रशिक्षणाची गरज नसते, हा समज बहुधा नियमाच्या या मौनातूनच बळावला असावा. नियमाने न मागितलेली गोष्ट अनावश्यक असते, असे मात्र त्यावरून ठरत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना बदलल्यापासून वीस-पंचवीस वर्षे एकच विषय शिकवलेल्या अध्यापकांसमोरही भारतीय ज्ञानपरंपरा किंवा कौशल्याधारित अभ्यासक्रम यांसारखे, त्यांच्या पदवीत कधीच नसलेले विषय येऊन ठेपले आहेत.

नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराची शिकवण्याची पात्रता सिद्ध झालेली असते, हा दुसरा समज सुशिक्षित कुटुंबांतही सहज आढळतो. नेट ही राष्ट्रीय आणि सेट ही राज्य पातळीवरील पात्रता परीक्षा असून महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. नेटच्या पहिल्या पेपरात 50 प्रश्न असतात आणि त्यांत अध्यापनाबरोबरच संशोधन, तर्क, संप्रेषण, उच्च शिक्षणव्यवस्था असे अनेक घटक येतात, तर दुसऱ्या पेपरातील 100 प्रश्न विषयज्ञानाचे असतात. चार पर्यायांतून एक उत्तर निवडण्याची ही परीक्षा विषयाची जाण तपासू शकते. साठ-सत्तर विद्यार्थ्यांसमोर उभे राहून ती जाण त्यांच्यापर्यंत पोहोचवता येते की नाही, हे मात्र ती तपासत नाही. पीएच.डी.ही संशोधनाची पदवी आहे. परिणामी, पाचवीला शिकवणाऱ्या व्यक्तीला अध्यापनाची पदविका किंवा पदवी लागते आणि तिला सरावपाठ घ्यावे लागतात, पण पदवीच्या वर्गाला शिकवणारी व्यक्ती एकही सरावपाठ न घेता पहिल्या दिवशी फळ्यापुढे उभी राहते. नवनियुक्त अध्यापकांसाठी आयोगाने ‘गुरुदक्षता’ या नावाने आखलेला महिनाभराचा प्रवेश-प्रशिक्षण कार्यक्रम ही पोकळी भरून काढण्यासाठीच आहे.

अशा कार्यक्रमात प्रत्यक्ष काय घडते, हे जवळून पाहिल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. त्यातील सूक्ष्म अध्यापन हा भाग 1960 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या पद्धतीवर आधारलेला आहे. अध्यापकाने पाच-सहा मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, प्रशिक्षणार्थी सहकाऱ्यांनी विद्यार्थी व्हायचे आणि निरीक्षण संपूर्ण पाठाचे न करता एखाद्याच कौशल्याचे, उदाहरणार्थ प्रश्न विचारण्याचे, करायचे, अशी ही पद्धत आहे. प्रश्न विचारल्यावर अध्यापक किती वेळ थांबतो, उत्तर न आल्यास स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो का, पहिल्या बाकावरच्या त्याच दोघांकडे पुन्हा पुन्हा वळतो का, चुकीचे उत्तर आल्यावर ‘नाही, पुढे’ म्हणून टाकतो की ते उत्तर कोणत्या विचारातून आले ते विचारतो, याची नोंद सहकारी करतात. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात शालेय वर्गांचा अभ्यास करून दाखवले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तरी विद्यार्थ्यांची उत्तरे लांबतात आणि आपण होऊन बोलणाऱ्यांची संख्या वाढते. एवढी साधी गोष्ट अनेकांना वर्षानुवर्षे शिकवूनही लक्षात येत नाही, कारण आपला वर्ग बाहेरून पाहण्याची सोय अध्यापकाला क्वचितच मिळते.

प्रश्नपत्रिकेचेही तसेच आहे. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 1956 मध्ये मांडलेले आणि 2001 मध्ये सुधारून प्रसिद्ध झालेले शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रशिक्षणात हमखास शिकवले जाते. आठवणे, समजणे, उपयोजन करणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे आणि नवनिर्मिती करणे या बौद्धिक कृतींच्या चढत्या पायऱ्या त्यात मांडलेल्या आहेत. अर्थशास्त्राच्या पेपरात ‘पुरवठ्याची लवचीकता स्पष्ट करा’ असा प्रश्न दिला की गाइडमधील परिच्छेद उत्तरपत्रिकेत उतरतो. लासलगाव बाजार समितीतील कांद्याची काही आठवड्यांची आवक आणि भाव यांचा तक्ता देऊन भाव चढूनही आवक लगेच का वाढली नाही, असे विचारले तर मात्र विद्यार्थ्याला लागवड, साठवण आणि काळ यांचा संबंध स्वतः जोडावा लागतो. दोन्ही प्रश्न एकाच घटकावरचे आहेत, दोघांना गुणही सारखेच देता येतील. परंतु दुसरा प्रश्न तयार करणे हे कसब आहे आणि ते शिकावे लागते. स्थाननिश्चितीच्या मूल्यमापनात मात्र अध्यापनाचा निकष नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले, हा आहे: 80 टक्के किंवा अधिक तास घेतले तर ‘उत्तम’, 70 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान असतील तर ‘समाधानकारक’. घेतलेला तास मोजला जातो, त्या तासात विद्यार्थी काय शिकला हे मोजले जात नाही, आणि प्रशिक्षणाचे महत्त्व कागदापुरते उरण्याचे एक कारण या मोजमापातही आहे.

ऑनलाइन अभ्यासक्रमांबद्दल दोन परस्परविरोधी गैरसमज एकाच वेळी नांदताना दिसतात. एका बाजूला ते कमअस्सल मानले जातात. वस्तुस्थिती अशी की जुलै 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या मंचावरील अभ्यासक्रम दृक्‌श्राव्य व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि चर्चा अशा चार अंगांनी बांधलेले असतात आणि 2018 च्या नियमावलीने त्यांच्या प्रमाणपत्रांना स्थान दिले आहे. तंत्रशिक्षणाच्या ‘एनपीटीईएल’ अभ्यासक्रमांत साप्ताहिक स्वाध्यायांना 25 आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75 टक्के भार असतो. ही परीक्षा देणे हे सभागृहात दहा दिवस बसण्यापेक्षा निश्चितच कठीण आहे. दुसऱ्या बाजूला, तासाभराचे वेबिनार ऐकून आणि प्रश्नमंजूषा भरून मिळालेले प्रमाणपत्रही ‘चालते’, असा समज 2020 च्या टाळेबंदीत फार पसरला. अशी पन्नास प्रमाणपत्रे जमवली तरी ती किमान 5 दिवसांच्या एका अभ्यासक्रमाची जागा घेऊ शकत नाहीत.

छापून आलेला शोधनिबंध म्हणजेच व्यावसायिक विकास, हा समज सर्वांत महागात पडला आहे. आयोगाने स्वीकारलेल्या नियतकालिकांच्या यादीची चिकित्सा करणारा भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला, विद्यापीठांच्या शिफारशींवरून यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी तपासलेली 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने 4305 नियतकालिके यादीतून काढून टाकली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांत निबंध देणाऱ्या अध्यापकाचे पैसे गेले, तेवढेच नव्हे, तर विद्यार्थ्यांसाठी वापरता आला असता असा वेळही गेला. 2018 च्या नियमावलीच्या संशोधन-गुणांच्या तक्त्यात अनुवादित पुस्तकाला 8 आणि अनुवादित प्रकरणाला किंवा शोधनिबंधाला 3 गुण आहेत, तर चारही अंगांनी परिपूर्ण असा 4 श्रेयांकांचा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करण्याला 20 गुण आहेत, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मराठी माध्यमातून पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना संदर्भग्रंथांची जी चणचण भासते, तिच्याकडे पाहता एखादा चांगला ग्रंथ मराठीत आणणे हे काम अध्यापकाच्या विषयज्ञानाची, भाषेची आणि परिभाषेच्या जाणिवेची एकाच वेळी कसोटी पाहणारे आहे.

काही किरकोळ समज थोडक्यात दूर करता येतात. वर्षाला 50 तासांच्या प्रशिक्षणाची अट प्राध्यापकांनाही लागू झाली, असे ऐकू येते. 2020 च्या धोरणातील तो उल्लेख शालेय शिक्षकांविषयीच्या भागात आहे. प्रशिक्षणाला गेल्यास स्वतःच्या रजा खर्च होतात, हेही खरे नाही, कारण ओरिएंटेशन, रिफ्रेशर, कार्यशाळा, परिषदा यांसाठी शैक्षणिक वर्षात 30 दिवसांपर्यंत कर्तव्य रजा, म्हणजे पूर्ण वेतन देणारी आणि कामावर असल्याचेच मानणारी रजा, मंजूर करता येते.

प्रशिक्षण फक्त कायम अध्यापकांसाठी असते, हा समज मात्र इतक्या सहज निकाली निघत नाही. महाराष्ट्रातील असंख्य महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील, म्हणजे प्रत्यक्ष घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळणाऱ्या, अध्यापकांवर आहे. त्यांनाच ‘सीएचबी’ म्हणून ओळखले जाते. ‘स्वयम्’वर नोंदणी कोणालाही करता येते, मालवीय मिशनच्या ऑनलाइन कार्यक्रमांचे दारही त्यांना बंद नाही. अडचण दाराशी नाही, तिथवर पोहोचण्याची आहे. कर्तव्य रजा नियमित सेवेतील अध्यापकाला मिळते. तासिका तत्त्वावरील अध्यापक दहा दिवस अभ्यासक्रमाला बसला तर त्या दहा दिवसांचे तास जातात आणि तासांबरोबर मानधनही जाते. उन्हाळी सुट्टीत त्याला वेळ असतो, पण तेव्हा तास नसल्यामुळे मानधनही नसते आणि परगावच्या केंद्रावर राहण्याजेवणाचा खर्च परवडत नाही. नेमका हाच अध्यापक अनेक ठिकाणी प्रथम वर्षाच्या सर्वांत मोठ्या तुकड्यांना शिकवत असतो. यावर दोन उपाय आहेत: प्रशिक्षणाच्या दिवसांचे मानधन तास घेतल्याप्रमाणे धरणे, किंवा विभागातील एका अनुभवी सहकाऱ्याने महिन्यातून एकदा त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून वर सांगितल्याप्रमाणे प्रश्न विचारण्याचे, थांबण्याचे आणि उत्तरे ऐकण्याचे निरीक्षण करणे आणि त्यालाही आपल्या वर्गात तसेच बसू देणे. यातील पहिल्या गोष्टीला शासनाची तरतूद लागते, दुसरीला वेळापत्रकातील एक मोकळा तास पुरतो.