ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल: लेव्हल कशी बघायची, आणि कमी निघाली तर काय करायचं

सकाळी मुलांना शाळेत सोडायला गाडी काढली. लिव्हर 'डी'वर टाकला, ब्रेक सोडला, आणि गाडी दोन सेकंद जागेवरच. मग एकदम हिसका देऊन पुढे. आपण म्हणतो, "थंड आहे, गरम झाली की ठीक होईल." होतेही. पण हीच गाडी ईदला अम्मी-अब्बा आणि लेकरांना घेऊन कोकणात निघते. घाटाच्या चढावर इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही. मागे ट्रकची रांग, गाडीत म्हातारी माणसं. तो दोन सेकंदांचा उशीर हा गिअरबॉक्सचा पहिला इशारा होता.

बऱ्याचदा या इशाऱ्यामागे एकच कारण असतं: गिअर ऑइल कमी झालेलं किंवा जळलेलं. इंजिन ऑइल आपण आठवणीने बदलतो, गिअर ऑइलकडे मात्र कुणी बघत नाही.

आधी आपली गाडी कोणती ते बघा

क्लच नसलेल्या सगळ्या गाड्यांना आपण सरसकट 'ऑटोमॅटिक' म्हणतो. पण आतली यंत्रणा वेगवेगळी असते आणि ऑइलही वेगळं.

पहिला प्रकार एएमटी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर हा आपल्याकडे आला. वॅगन आर, स्विफ्ट, टियागो, पंच अशा गाड्यांमध्ये तो मिळतो. यात गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच असतो, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. म्हणून यात मॅन्युअल गिअरबॉक्सचंच ऑइल लागतं. काही गाड्यांत ते यंत्र चालवणाऱ्या तेलाची छोटी वेगळी टाकी असते.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे खरा जुना ऑटोमॅटिक. इनोव्हा क्रिस्टा, नवी अर्टिगा, डिझेल क्रेटा यांच्या ऑटोमॅटिकमध्ये हा असतो. यात लागतं ते एटीएफ. तिसरा सीव्हीटी, उदाहरणार्थ होंडा सिटी आणि अमेझ. त्याला सीव्हीटीचंच ऑइल हवं. चौथा ड्युअल क्लच, त्याचंही ऑइल वेगळं.

हे सांगण्याचं कारण असं की चुकीचं ऑइल जुन्या ऑइलपेक्षा जास्त नुकसान करतं. सीव्हीटीत साधं एटीएफ ओतलं तर पट्टा घसरतो आणि गिअरबॉक्स बसतो. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं कुणी म्हणालं तर डबा परत ठेवायला सांगा. मॅन्युअल पुस्तकात लिहिलेलं नाव आणि डब्यावरचं नाव जुळलं पाहिजे.

आपल्या रस्त्यांवर ऑइल लवकर का थकतं

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत हे तेल तीन कामं करतं. इंजिनची ताकद पुढे नेतं, आतल्या क्लचवर दाब देतं आणि सगळं थंड ठेवतं. याला सगळ्यात जास्त मारते ती उष्णता.

घोडबंदर रोड, शिळफाटा, कल्याण-शिळ रस्ता, मुंब्रा बायपास आठवा. मेट्रोची कामं, कंटेनरची रांग, दहा फूट पुढे आणि पुन्हा ब्रेक. अशा वेळी तेल आतल्या आत घुसळून गरम होतं, आणि गाडी उभी असल्याने वारा लागत नाही. वर मे महिन्याचं ऊन आणि फुल एसी. मॅन्युअल पुस्तकात 'सिव्हिअर कंडिशन' नावाचा वेगळा तक्ता असतो. ट्रॅफिक, घाट, टॅक्सीचं काम हे सगळं त्यातच येतं. ठाणे-कल्याणची गाडी असेल तर आपण तोच तक्ता बघायचा.

लेव्हल कशी बघायची

आधी बोनेट उघडून गिअर ऑइलची डिपस्टिक आहे का बघा. इंजिन ऑइलची वेगळी असते, गोंधळ करू नका. असेल तर साधारण पद्धत अशी:

१. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून आणा. गरम तेल फुगतं, म्हणून थंड आणि गरम लेव्हल वेगळी दिसते.

२. सपाट जागेवर उभी करा. सोसायटीच्या उतारावर किंवा एक चाक फुटपाथवर ठेवून बघू नका. हँडब्रेक ओढा.

३. इंजिन चालू ठेवा, पाय ब्रेकवर. लिव्हर पी, आर, एन, डी असा प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा आणि परत 'पी'वर आणा.

४. डिपस्टिक काढा, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. तेल 'हॉट'च्या दोन खुणांमध्ये हवं.

इंजिन चालू असताना पंखा आणि पट्टा फिरत असतो. ओढणी, सैल बाही, मुलं, सगळं लांब ठेवा. काही गाड्यांत, जुन्या होंडांत विशेषतः, इंजिन बंद करून लगेच बघायचं असतं. म्हणून पुस्तक आधी वाचा.

आजच्या बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच नसते. तिथे गाडी लिफ्टवर सपाट घेतात, स्कॅनरवर तेलाचं तापमान बघतात, आणि ठरलेल्या तापमानाला खालचा बोल्ट उघडतात. तेल बारीक थेंबांनी यायला लागलं की लेव्हल बरोबर. हे घरी करायचं काम नाही. पण मेकॅनिकने तापमान न बघता "लेव्हल ठीक आहे" म्हटलं, तर ते तपासलेलं नाही एवढं लक्षात ठेवा.

रंग आणि वास

डिपस्टिकवरचं तेल पांढऱ्या कागदावर टेकवा. नवीन एटीएफ बहुतेक लाल आणि पारदर्शक असतं. तपकिरी झालं म्हणजे जुनं. काळं आणि जळका वास म्हणजे आतल्या क्लचची झीज सुरू झाली. आणि रूह अफजा घातलेल्या दुधासारखा गुलाबी-पांढरा रंग दिसला तर गाडी तिथेच थांबवा. पाणी किंवा कूलंट आत शिरलं आहे. बऱ्याच गाड्यांत गिअर ऑइल थंड करणारी नळी रेडिएटरमधूनच जाते. ती आतून फुटली की दोन्ही एकत्र होतात.

कमी निघालं तर

इंजिन थोडं ऑइल जाळतं, गिअरबॉक्स जाळत नाही. त्यामुळे लेव्हल कमी म्हणजे गळती. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. फक्त टॉप-अप करून पुढे गेलात तर महिन्याभरात पुन्हा तेच.

टॉप-अप करायचंच असेल तर थोडं थोडं टाका आणि दर वेळी मोजा. दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत अर्ध्या लिटरच्या आसपासच असतं. जास्त झालं तरी चूक. तेलाला फेस येतो, दाब पडतो आणि गाडी कमी तेलासारखीच घसरते.

"लाइफटाइम ऑइल आहे" म्हणतात, ते?

पुष्कळ ठिकाणी हे ऐकायला मिळतं. पण झेडएफ ही जर्मन कंपनी, जी मोठमोठ्या गाड्यांसाठी गिअरबॉक्स बनवते, तीच सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा ८ वर्षांत ऑइल बदला. तुमच्या पुस्तकातला आकडा याहून कमी असेल तर तो पाळा.

बदलताना बोल्ट उघडून सगळं तेल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून किती लिटर काढलं, किती टाकलं हे बिलावर लिहून घ्या.

पावसाळा आणि सेकंडहँड गाडी

जुलै २००५ आणि जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीने काय केलं ते कल्याण-बदलापूरकर विसरलेले नाहीत. गिअरबॉक्सला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातं. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर स्टार्टर मारू नका. आधी इंजिन आणि गिअर, दोन्ही ऑइल तपासा. टो करताना फ्लॅटबेडच मागा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप चालत नाही, आणि पुढची चाकं फिरवत दोरीने ओढलेली गाडी आतून कोरडीच झिजते.

एमएच-०४ किंवा एमएच-०५ची जुनी ऑटोमॅटिक घेत असाल, तर पॉलिश बघून बयाणा देऊ नका. गाडी पूर्ण थंड असताना जा. 'डी' आणि 'आर' टाकून उशीर किंवा धक्का लागतो का बघा. गिअर ऑइल बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर ऑइल बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

आणि गावी निघायच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी तपासा. गळती सापडली तर दुरुस्तीला वेळ हवा.